चेन उतरवून पट्टा चढवताना

आमच्या रानाच्या पश्चिमेला, पन्हाळ्याच्या अंगाला, एक एकरभर मुरमाड माळ पडून आहे. तिथे पीक धरत नाही, म्हणून माझ्या बारा वर्षांच्या मुलीला छोटी इलेक्ट्रिक डर्ट बाईक चालवायला मी तीच जागा दिली. ही गाडी रस्त्यावर नेण्याची नाही, तिला नंबरप्लेट नाही, आणि हेल्मेट, कोपर-गुडघ्याची पॅडे व घोट्यावर येणारे बूट घातल्याशिवाय तिच्यावर बसायचे नाही, हे आमच्या घरात पहिल्या दिवशीच ठरले. बांधावरच्या आंब्याखाली बसलो की मला गाडी दिसण्याआधी ऐकू येत असे. ऐकू येत असे तो मोटरचा आवाज नव्हता, ती चेनची खडखड होती. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी धावत सुटावे तसा तो आवाज टेकाडामागून यायचा, आणि माळावरचे चंडोल त्याने उडून जायचे.

पेट्रोलच्या गाडीत हा आवाज कोणाच्या कानावर आला नसता. इंजिनाच्या धडधडीखाली चेन, बेअरिंगे, ब्रेकच्या चकत्या, सैल झालेले पत्रे हे सारे झाकून जाते. मोटर गप्प असते, त्यामुळे उरलेल्या गाडीचे सगळे उघड्यावर येते. दोन महिने मी ते ऐकले, तेल घातले, चेन ताणली, पुन्हा ऐकले. पुढे एका संध्याकाळी मुलीच्या बुटाची सुटलेली नाडी मागच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, गेली. गाडी जवळजवळ थांबलेली होती, नाडी तुटली आणि पाय वाचला. गाडी जुनी घेतलेली होती आणि तिचे चेनकव्हर आधीच्या मालकाकडेच कुठेतरी हरवले होते. त्या रात्री मी कव्हर करायला म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि मध्यरात्रीपर्यंत कव्हराचे चित्र बाजूला राहून पट्ट्याचे गणित सुरू झाले.

गाडीचे मूळ रूप आधी सांगतो. ४८ व्होल्टची, १००० वॅटची ब्रशलेस मोटर, तिचा वेग मिनिटाला साधारण ३००० फेरे. मोटरच्या शाफ्टवर ९ दातांचे स्प्रॉकेट, मागच्या चाकावर ५४ दातांचे, म्हणजे मोटरचे ६ फेरे आणि चाकाचा एक. चेन ८ मिलिमीटर अंतराची, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत ८ मिलिमीटर, लहान इलेक्ट्रिक स्कूटरांना असते ती. खडखडीचे मूळ त्या ९ दातांत होते. चेन म्हणजे ताठ कड्यांची मालिका असल्यामुळे ती स्प्रॉकेटभोवती गोल फिरत नाही, नऊ बाजूंच्या बहुकोनावरून फिरते. प्रत्येक कडी दातावर बसताना आधी किंचित वर उचलली जाते आणि मग खाली आपटते, त्यामुळे मोटर एकसारख्या वेगाने फिरत असली तरी चेनचा वेग दर दाताला कमी-जास्त होतो. ९ दातांना हा फरक ६ टक्क्यांचा येतो. सेकंदाला मोटरचे ५० फेरे, दर फेऱ्याला ९ दात, म्हणजे सेकंदाला ४५० लहान धक्के. आंब्याखाली मला ऐकू येत होते ते हेच ४५० धक्के. दात वाढवले की हा दोष झपाट्याने कमी होतो, पण पुढचे स्प्रॉकेट मोठे केले तर मागचेही त्याच प्रमाणात वाढवावे लागते, आणि लहान चाकाच्या गाडीत तेवढी जागा नसते.

दुसरे कारण मुरमाचे. चेनला तेल लागते, तेलाला मुरमाची भुकटी चिकटते, आणि दोन्ही मिळून व्हॉल्व्ह घासायला गॅरेजमध्ये वापरतात तशी पेस्ट तयार होते. पुसली नाही तर ती पेस्ट दर फेऱ्याला पिना आणि बुश खात राहते. आमच्या चेनचे अंतर दोन महिन्यांतच डोळ्यांना दिसेल इतके वाढले होते आणि पुढच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलले होते.

पट्टा मला नवा नव्हता. आजोबांच्या गुऱ्हाळात ऑइल इंजिनावरून घाण्याला जाणारा चपटा पट्टा मी लहानपणी तासन् तास पाहिला आहे. त्याच्या जोडाची पितळी दातेरी क्लिप दर फेऱ्याला पुलीवरून जाताना ‘टक्’ असा आवाज करी, आणि पट्टा घसरू लागला की आजोबा त्याच्या आतल्या अंगावर राळ लावत. घाण्यात एकदम जास्त ऊस गेला की पट्टा पुलीवरून सरळ उतरून बाजूला पडायचा. तेव्हा मला ती कटकट वाटे, पण त्या उतरण्यामुळेच घाण्याची दाती शाबूत राहत असे, हे मला या कामात पडल्यावर उमगले. दातेरी पट्ट्याची गोष्ट याच्या अगदी उलट. तो घसरत नाही, म्हणून मोटारींच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायला त्याच्यावर विश्वास ठेवला गेला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत ती सुरुवात १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीने केली. १९८० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने स्टर्जिस या मोटरसायकलला मागच्या चाकापर्यंत पट्टा दिला, आणि आज आपल्याकडे एथर ४५० स्कूटर किंवा रिव्होल्टची आरव्ही ४०० रस्त्यावर इतक्या शांत धावतात, त्यात पट्ट्याचा मोठा वाटा आहे. मात्र या सगळ्या डांबरावरच्या गाड्या आहेत. मातीतल्या बहुतेक गाड्या अजून चेनवरच चालतात. सर-रॉन लाइट बी या नावाजलेल्या इलेक्ट्रिक डर्ट बाईकमध्ये मोटरपासून पहिल्या टप्प्याला पट्टा आणि तिथून चाकापर्यंत चेन असते, आणि तिची ताकद वाढवणारे लोक तो पहिल्या टप्प्याचा पट्टाही काढून तिथे चेन बसवतात. म्हणजे मी जे करायला निघालो होतो त्याच्या नेमके उलटे. हे मला आधीपासून माहीत होते, आणि म्हणूनच यामागचे कारण स्वतःच्या हाताने समजून घ्यावे असे तीव्रतेने वाटले.

पहिला प्रयत्न मी घाईने केला. गोल दातांचा, ५ मिलिमीटर अंतराचा, दुकानात ज्याला ‘फाइव्ह एम’ म्हणतात तो पट्टा १५ मिलिमीटर रुंदीचा आणला. पुढे १८ दातांची पुली, मागे १०८ दातांची, म्हणजे प्रमाण तेच एकास सहा. उभ्या स्टँडवर चाक फिरवले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. फक्त रबराची बारीक सुळसुळ होती आणि बाकी काही नव्हते. मग गाडी माळावर नेली, मुलीला बाजूला उभे करून स्वतः बसलो आणि चढावर थ्रॉटल पूर्ण दिला. ‘टर्रर्र’ असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी राहिली. पट्टा पुढच्या पुलीवरून दात उडवत फिरत होता. उतरवून पाहिला तर सलग सहा-सात दात मुळापासून सोलून निघाले होते आणि आतल्या काचतंतूंच्या पांढऱ्या दोऱ्या दिसत होत्या.

चूक कुठे झाली हे रात्री गणित मांडल्यावर कळले. मोटरची नेहमीची पिळाची ताकद साधारण ३ न्यूटन-मीटर, पण चढावर सुरुवातीला कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारा डबा, तिला तिप्पट करंट देतो, म्हणजे ९ धरावी. १८ दातांच्या पुलीची त्रिज्या सव्वाचौदा मिलिमीटर. ९ न्यूटन-मीटरला तेवढ्या त्रिज्येने भागले की पट्ट्यावर ६३० न्यूटनची, म्हणजे ६४ किलो वजन टांगल्याएवढी ओढ येते. चेनची ओढ याहूनही जास्त होती, कारण ९ दातांचे स्प्रॉकेट त्याहून लहान होते, पण पोलादी चेनला त्याचे काही वाटत नव्हते. अंगठ्याएवढ्या रुंदीच्या रबराला ते झेपले नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे मी लेथचे काम करून घेतो, त्यांना तो सोललेला पट्टा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बोटांतून फिरवला आणि म्हणाले, “चेन सांभाळून घेतीया ओ साहेब. ढिली असली तरी चालतीया, वाकडी असली तरी चालतीया, घाण झाली तरी चालतीया. पट्टा कायबी सांभाळून घेत न्हाई. तुम्ही गाडी आहे तशी ठेवून नुसता पट्टा घातला. आता पट्ट्यासाठी गाडी बदला.” या एका वाक्याने माझे पुढचे तीन महिने आखून दिले.

गाडी बदलायची म्हणजे सर्वांत आधी मागचे चाक धरणारा चिमटा. मातीतल्या गाडीचा चिमटा खड्ड्यांवर वर-खाली होतो, आणि मोटर चौकटीला घट्ट बसवलेली असते. चिमटा ज्यावर फिरतो तो खिळा, मोटरचा शाफ्ट आणि चाकाचा आस हे तीन बिंदू एका रेषेत असतील तेव्हा शाफ्ट आणि आस यांच्यातले अंतर सर्वांत जास्त असते, आणि चिमटा हलला की ते कमी होते. मी जाड पुठ्ठ्यावर गाडीचा तो भाग खऱ्या मापात काढला, टाचणीला दोरा बांधला आणि चिमटा अंशाअंशाने फिरवत दोऱ्याची लांबी मोजली. माझ्या गाडीत चाक मोकळे लोंबत असताना तिन्ही बिंदू एका रेषेत होते, आणि चिमटा पूर्ण २५ अंश वर गेला की अंतर ४ मिलिमीटरने घटत होते. चेनला ४ मिलिमीटर म्हणजे नेहमीचा झोल. पट्ट्याला ४ मिलिमीटर म्हणजे दात उडणे.

उपाय पुठ्ठ्यावरच दिसला. चिमट्याच्या हालचालीच्या बरोबर मध्यावर तिन्ही बिंदू एका रेषेत आणले, तर वर साडेबारा अंश आणि खाली साडेबारा अंश, अशी चूक दोन्हीकडे वाटली जाते, आणि अंतरातला फरक सव्वा मिलिमीटरवर येतो. त्यासाठी मोटर साधारण साडेतेरा मिलिमीटर खाली आणायला हवी होती. पट्ट्याच्या लांबीमुळे ती पुढेही सरकवावी लागली. चेन एखादी कडी काढून किंवा घालून हवी तेवढी करता येते, पण पट्टा अखंड असतो आणि ठरलेल्या लांबीतच मिळतो. मला हातात आला तो ११९५ मिलिमीटरचा, २३९ दातांचा, या वेळी २५ मिलिमीटर रुंद. त्याला जुळवायला शाफ्ट आणि आस यांच्यातले अंतर ४०० वरून ४१२ मिलिमीटरपर्यंत न्यावे लागले. आठ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाटाची नवी मोटरप्लेट केली आणि तिच्यात भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे पुढेही मोटर मागे-पुढे सरकवून ताण देता यावा. खाचांच्या कडा मी स्वतः कानशीने घासल्या. त्या कामाला तासभर पुरे होता, मी दोन संध्याकाळी घेतल्या, कारण ते काम मला फार आवडले.

पुल्या बदलल्या. पुढे २२ दात, मागे १२०, प्रमाण एकास साडेपाचच्या जवळ. वरचा वेग किंचित वाढला आणि चढावरचा जोर किंचित कमी झाला, तेवढे मान्य केले. पुढची पुली ३५ मिलिमीटर व्यासाची झाल्याने ओढ ६३० वरून ५१५ न्यूटनवर आली आणि तीही आता २५ मिलिमीटर रुंदीत वाटली गेली. मागची पुली १९१ मिलिमीटर व्यासाची. एवढ्या दातांची तयार मिळेना, म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पाटातून वायरकट यंत्रावर दात कापून घेतले. कापून आलेली ती चकती दोन किलोंची होती. मिस्त्रींनी तिच्या पोटात कप्पे काढून ती ९०० ग्रॅमवर आणली, तरीही जुने स्प्रॉकेट आणि चेन मिळून जे वजन होते त्यापेक्षा ही एकटी पुली जड भरली. पट्ट्याने गाडी हलकी होते असे सरसकट म्हटले जाते, माझ्या गाडीत तसे झाले नाही. शक्तीची बचत होते हेही मी म्हणणार नाही. स्वच्छ, तेल घातलेली चेन आणि नीट ताणलेला पट्टा यांच्यात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो दहाव्या दिवशी, जेव्हा चेन स्वच्छ राहिलेली नसते.

खालच्या सैल अंगाला ताण देणारा आयडलर, म्हणजे मोकळा फिरणारा रोलर, बसवला. दोन ६२०३ बेअरिंगे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर गुळगुळीत बाही चढवली आणि स्प्रिंगच्या जोरावर ती पट्ट्याच्या पाठीला बाहेरून आत दाबेल अशी रचना केली. यामुळे चिमट्याचा उरलेला सव्वा मिलिमीटर गिळला गेला, आणि पट्टा पुढच्या पुलीला जास्त लपेटू लागला. आधी साडेनऊ दात पकडीत होते, ते अकराच्या आसपास गेले. पण पहिल्याच चाचणीत, थ्रॉटल सोडला की पुन्हा तीच टर्रर्र. हे कोडे सुटायला दोन दिवस लागले. थ्रॉटल सोडल्यावर कंट्रोलर मोटरला जनित्र बनवून बॅटरीत वीज परत भरत होता. त्या क्षणी चाक मोटरला ओढते, म्हणजे खालचे अंग ताणले जाते आणि वरचे सैल पडते. खालच्या ताणाने माझा स्प्रिंगवाला आयडलर बाहेर ढकलला जाई आणि सगळा झोल वर जाऊन दात उडत. एवढ्या लहान गाडीत परत मिळणारी वीज नगण्य असते. कंट्रोलरची ती वायर सोडवली आणि आवाज कायमचा गेला.

पट्टा चढवण्याचे कामही चेनसारखे नाही. चेनचे लॉक काढले की ती उघडते. अखंड पट्टा घालायला चिमट्याचा खिळा काढून चिमटा मागे ओढावा लागतो, आणि घालताना पट्टा दुमडायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रूड्रायव्हरने पुलीवर ढकलायचा नाही, कारण आतले काचतंतू एकदा मोडले की बाहेरून काही दिसत नाही आणि पंधरा दिवसांनी पट्टा भर रानात तुटतो. चेन मरायच्या आधी कुरकुरते, लांबते, दात झिजवते. पट्टा काही सांगत नाही. म्हणून आता दर रविवारी मी त्याच्या दातांच्या मुळाशी नखाने चाचपून तडे बघतो.

ताण मोजण्याची रीत मात्र मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटली. वरचे अंग बोटाने छेडायचे आणि त्याच्या कंपनांची संख्या मोबाईलवर बघायची. सुमारे ४०५ मिलिमीटरचे मोकळे अंग, मीटरमागे जवळजवळ १०० ग्रॅम वजन, आणि हवा असलेला ताण २०० न्यूटन, तर सेकंदाला ५५ कंपने यायला हवीत. आमच्यापासून पन्नासएक किलोमीटरवरच्या मिरजेत तंबोरे बनतात, त्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागीर खुंटी पिळत तार कानाशी आणतो तसा मी मोटरप्लेटचे बोल्ट अर्धा-अर्धा आटा फिरवत पट्टा छेडत बसलो होतो. ४८, ५१, ५६, आणि किंचित सोडून ५५. तो खर्ज इतका खालचा की कानापेक्षा बोटालाच जास्त कळतो. मुलीनेही एकदा छेडून पाहिला, आणि तेव्हापासून ताण तपासण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

जून लागला आणि पहिल्या पावसाने उरलेला धडा दिला. मुरमावर काही अडचण आली नाही. मुलगी माळावरून खाली, उसाच्या कडेच्या काळ्या रानात गेली आणि शंभर पावलांत गाडी जड झाली. चिकट काळी माती मागच्या पुलीच्या दातांत ठासून बसली होती, त्यामुळे पुलीचा व्यासच वाढला होता आणि पट्टा तंतुवाद्याच्या तारेसारखा ताणला होता. सायकलींसाठी येणाऱ्या गेट्स कंपनीच्या कार्बन पट्ट्याच्या चकत्यांना दातांखाली मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात आणि माती तिथून बाहेर ढकलली जाते. तेच पाहून मिस्त्रींकडून मागच्या पुलीच्या दातांच्या मधोमध एक गोल खाच काढून घेतली आणि त्या खाचेतून आतल्या कप्प्यांत उघडणारी भोके पाडली. पट्ट्याच्या दाबाने ओली माती आता शेवयांसारखी आत निघते आणि गळून पडते. खालून पातळ पत्र्याचे कव्हर केले, म्हणजे चाकाने उडवलेला खडा पट्टा आणि पुली यांच्यामध्ये जाऊ नये, आणि वरून पूर्ण झाकणारे दुसरे कव्हर केले, ज्याचे चित्र काढायला मी त्या रात्री बसलो होतो. एवढे करूनही काळ्या रानात पावसाळ्यात गाडी न्यायची नाही असा नियम ठेवला आहे. त्या मातीत चेनच बरी, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ज्याला रोज चिखलात जायचे आहे, ज्याचे घर रानापासून दूर आहे, त्याने चेन काढू नये. आमचा माळ कोरडा आहे आणि घर दोन शेतांपलीकडे आहे, म्हणून आम्हाला हे परवडले.

गेल्या रविवारी पावसाने उघडीप दिली होती. मी आंब्याखाली बसलो होतो आणि गाडी टेकाडामागे होती. बराच वेळ काही ऐकू आले नाही, मग मुरमावर टायर चुरचुरल्याचा आवाज आला आणि त्यामागून ती टेकाडावर दिसली. माळावर चंडोल होते आणि ते उडाले नाहीत. ती उतरून आली, गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढले आणि पुढचे चाक हाताने फिरवून त्याच्याजवळ कान नेला.

“बाबा, पुढच्या ब्रेकची चकती एका ठिकाणी घासतीय,” ती म्हणाली. “आधी ऐकू येत नव्हतं.”

मी वाकून ऐकले. दर फेऱ्याला एकदा, अगदी बारीक, ‘स्स’ असा आवाज येत होता. मी पान्यांची पिशवी आणायला घराकडे निघालो.